चौदा हजार चाळीस

वजन अठ्ठ्याहत्तर. भाजलेलं अंग पंचेचाळीस टक्के.
गुणिले चार.
तक्त्याच्या कडेला पेन्सिलीनं हिशेब मांडते:
चौदा हजार चाळीस मिली.
निम्मं पहिल्या आठ तासांत.
आणि घड्याळ धरायचं ते तो इथे पोचल्यापासून नाही,
खाली गॅस पेटला त्या मिनिटापासून.
म्हणजे तीन तास आधीच खर्ची पडलेले:
पाळणा वर यायला, रस्त्यावर गोठलेलं बर्फ,
आणि फाटकाशी उभी कोळशाची मालगाडी.
कारागांडात कोळशासाठी सगळेच थांबतात,
कोळशानं जळालेलाही.

उरले पाच तास, सात हजार वीस.
दोन्ही हातांत जाड सुया, पिशव्यांमागून पिशव्या,
मीठ-पाणी, अंगाइतकं गरम केलेलं.
बाहेर उणे एकतीस.

‘सू,’ तो म्हणाला, घशात नळी घालायच्या आधी.
आमच्याकडे पाण्याला एवढंच म्हणतात.
ओठ मिटावे लागत नाहीत.
मी ओल्या कापसानं त्याची जीभ पुसली.
शिरांतून तळं ओतत होते
आणि तोंडात एक थेंब देता येत नव्हता.

पाणी जातं कुठे?
गादीवर नाही, जमिनीवर नाही.
रक्तवाहिन्यांचीच चाळण झालेली,
ते आतल्या आत पाझरतं, मांसात मुरतं.
एक वाजता त्याची अंगठी कापली.
दीड वाजता पापण्या मिटल्या, झोपेनं नव्हे, सुजेनं.
काचेपलीकडून बाखितगुल म्हणाली, हा दुलात नाही.
तिच्या मुठीत त्याचा पत्र्याचा बिल्ला होता, सहाशे चौदा,
खाणीत उतरताना माणसामागे एक.
बिल्ला खरा, नंबर खरा,
चेहरा तेवढा कुणा दुसऱ्याचा.

दोन वाजता लघवी: अकरा मिली.
तीस तरी हवी.
नवा डॉक्टर म्हणाला, वाढवा, अजून वाढवा.
माझा हात चाकावर गेलासुद्धा.
बावीस वर्षं मी हेच करत आलेय.
कमी पडलं, ओत. आणखी कमी पडलं, आणखी ओत.
पोटं ढोलासारखी ताणलेली पाहिलीत मी,
फुप्फुसांत फेस पाहिलाय,
आणि तक्ता मात्र बिनचूक.

डॉक्टर त्सोय आल्या, कोटाखाली रात्रीचा स्वेटर.
जेल तळहातावर ऊब येईपर्यंत चोळलं.
छातीवर पंजाएवढी जागा न भाजलेली होती,
तिथे यंत्र टेकवलं.
पडद्यावर हृदय.
हिवाळ्यात घोडी खुरानं बर्फ उकरते
खालच्या गवतासाठी, तसं ते,
एक खूर, थांबली, एक खूर,
आणि बर्फ फुटत नाही.
मी हे बोलले. त्या म्हणाल्या, अठ्ठावीस टक्के.

‘मोठी शीर बघ, तुडुंब आहे.
पाणी कमी नाही, लाविया. ढकलणारं दमलंय.’

आग छातीपर्यंत पोचलीच नव्हती.
पण जळालेली कातडी रक्तातून काय काय पाठवते,
आणि धग न लागलेलं हृदयही
बधिर होतं, शेजारघरी मयत झाल्यासारखं.
भीतीनं काळजाचं पाणी होतं म्हणतात.
आम्ही ते मिली मोजून करत होतो.

मग चाक उलटं फिरवलं.
चौदाशेवरून नऊशे.
हृदयाला टाच मारणारं औषध, अगदी बारीक धारेनं.
नवा डॉक्टर गुणाकाराकडे बघत राहिला,
उत्तर बरोबर होतं, हेच त्याला कळेना.

तीन वाजता चौदा.
चार वाजता एकोणीस.
पाचला नळीत काही दिसेना, मी पिशवी उजेडात धरली,
बावीस असेल, चोवीस लिहावंसं वाटलं,
बावीस लिहिलं.
मधेच बाखितगुलनं शुबातची बाटली पुढे केली,
त्याच्या आईच्या उंटिणीचं, काल घुसळलेलं.
चालणार नाही, हे तिलाही माहीत होतं.
फ्रिजमध्ये औषधांच्या मागे ठेवली,
पट्टी चिकटवून वर लिहिलं: ६१४.

सहा वाजता अडतीस.
एवढ्यावर कुणी हसत नाही आमच्या वॉर्डात.
अजून सोळा तासांचं पाणी बाकी,
मग कातडी, मग ताप, मग जे येईल ते.

सही केली. वेळ सहा दहा.
मग नळाशी उभ्यानंच पाणी प्यायले,
ओंजळीनं, पोटभर,
मोजलं नाही.