कोपऱ्यातली आडवी रेघ

शहाण्णव साली विटाव्याच्या शाळेची भिंत रंगवली
तेव्हा हेडमास्तरांनी चिटोऱ्यावर तीन शब्द दिले.
सिटियस. अल्टियस. फोर्टियस.
म्हणाले, अर्थाच्या भानगडीत पडू नका, उतरवा फक्त.

खडूत घोळवलेली सुतळी ताणली, टणकन सोडली,
शिरोरेषा उमटली.
चौदा इंची अक्षर, निळं, पिवळी किनार.
भिंत बरोब्बर पुरली,
पन्हाळीच्या पाइपापासून कोपऱ्यापर्यंत.
तिसऱ्या शब्दात रफार एक घर पुढे पडला:
फोटिर्यस.
सत्तावीस वर्षं पोरं तसंच वाचत पळाली.
त्यापायी कुणी हरल्याचं ऐकलं नाही.

अर्थ मी नंतर विचारला, पैसे हातात पडल्यावर.
ठाण्यात चरईला बस्त्यांवकाका राहायचे, चर्चची घंटा वाजवणारे.
जुन्या मिस्साचं लॅटिन त्यांच्या दाढेत
सुपारीच्या खांडासारखं शिल्लक होतं.
जास्त जलद, जास्त उंच, जास्त बळकट, काका म्हणाले.
मी म्हटलं, कोणापेक्षा?
काका हसले.
त्या भाषेत पेक्षा लिहावा लागत नाही,
शब्दाच्या पोटातच असतो.

आपल्याला ते जमत नाही.
आपण नुसतं जास्त म्हटलं
की समोरचा भुवई उचलून थांबतो.
समोरच्या विंगेतल्या पोरापेक्षा,
थोरल्या भावापेक्षा,
गेल्या वर्षीच्या तुझ्यापेक्षा.
आणि त्या पेक्षाच्या पुढे एक अक्षर बसलं
की अपेक्षा,
दुसरं बसलं की उपेक्षा.
एकाच मजल्यावर दोघी,
भिंतीला भिंत लागून.

काका हेही म्हणाले
की हे कुणा रोमन राजाचं वाक्य नव्हे.
भाषा पुराणी, बोल कालपरवाचे.
पॅरिसजवळ शाळेतल्या पोरांच्या शर्यती होत्या,
तिथे एक पाद्री बोलून गेला;
त्याच्या दोस्ताने ते उचलले
आणि जगाच्या मैदानावर नेऊन लावले.
म्हणजे मुळात शाळेचे शब्द.
हिंडून फिरून शाळेच्याच भिंतीवर आले,
माझ्या चुकीसकट.

पुढे फ्लेक्स आला.
माझे ब्रश डब्यात ताठ झाले, बस्त्यांवकाका गेले.

तेवीस साली मढवीबाईंचा फोन, खेळाच्या बाईंचा.
त्या लोकांनी चौथा शब्द वाढवलाय म्हणे, कम्युनिटर,
म्हणजे सगळे मिळून.
त्याच्या आधी एक आडवी रेघ.
फ्लेक्सवाला सगळी भिंत झाकून देतो म्हणत होता,
मी नको म्हटलं, तुम्ही या.

आलो. जागाच नाही.
फोटिर्यसचा स थेट कोपऱ्याला टेकलेला.

शिडी धरायला शिवगंगा धोत्रे, सातवीतली, चारशे मीटरवाली.
बाप दिघ्याच्या खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचा;
खाणी बंद झाल्या,
आता ऐरोलीच्या एका सोसायटीचं गेट उघडतो, लावतो.
ती वर बघून म्हणाली,
काका, हा रफार चुकलाय.
सत्तावीस वर्षांत पहिली.
लाजलो. म्हटलं, आत्ता नीट करतो.
नको, म्हणाली,
माझा दादा पण असंच वाचायचा.

आणि चौथा?
तिला प्रश्नच कळेना.
वळवा की कोपऱ्यावरून.
वळण आलं म्हणून कुणी पळायचं थांबतं का?

तर ती रेघ आता कोपऱ्यात आहे,
अर्धी ह्या भिंतीवर, अर्धी त्या.
लांबून दिसत नाही,
जवळ गेलं की मोडल्यासारखी वाटते.
पुढचा शब्द बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या नळाच्या वर.
तिथला नळ दाबून धरावा लागतो, सोडला की बंद.
एकट्याला ओंजळ करता येत नाही.

मधली सुट्टी झाली.
हात निळे होते माझे,
मी पोरांच्या मागे रांगेत उभा राहिलो.
नंबर आला तेव्हा
कुणीतरी न सांगता नळ दाबून धरला.