घोड्यांच्या हौदाशी

बर्टनमध्ये पहाटे हवेला भिजलेल्या सातूचा वास येतो,
बिअरचे कारखाने आपल्या कामाला लागलेले असतात.
मी इस्पितळाच्या औषधालयातून रात्रपाळी संपवून निघते.
खिशात फोन, फोनमध्ये हेच गाव,
पण बिनमाणसांचं, हिरवं,
आणि जागोजागी गरगरणाऱ्या चकत्या.

वळणावरची टपालपेटी नाही चालत.
चॅपेलच्या भिंतीवरचं घड्याळ चालतं, बंद असलं तरी.
पुलाखाली कुणीतरी रंगवलेला हंस चालतो.
आणि घोड्यांचा दगडी हौद,
ज्यात आता घोड्यांचं तोंड नाही, पाणी नाही,
पॅन्सीची रोपं आणि चिप्सची पाकिटं.

आमच्याकडे दगडाला शेंदूर लावला की झालं.
मावशीच्या गावाच्या वेशीवर होता तसा एक,
एसटी तिथून जाताना कंडक्टर
घंटीच्या दोरीवरचा हात क्षणभर कपाळाला लावायचा.
इथे अनोळखी लोक मतं देतात.
मीही देते, रात्री तीनला, इन्सुलिनचे खोके मोजून झाल्यावर:
हा फलक जागा आहे का? हे बाक?
डर्बीचं एक कारंजं मी नाकारलं,
फोटोत कुणाचं तरी बोट आलं होतं.
टाकीचे घाव वगैरे कुणी सोसत नाही.

हौदावर रोज सव्वासहाला
टपाल४७ चं कासव बसलेलं असायचं.
तो निळ्या गटाचा, मी लाल.
मी ते हाकलायची, माझं घुबड बसवायची,
घरी जाऊन मोजे काढेपर्यंत
कासव परत.
दोन वर्षं. याला भांडण म्हणायचं की शेजार,
मला ठरवता आलं नाही.

एकदाच दिसला, असं मला वाटतं:
समोरच्या बसथांब्यात एक म्हातारा,
टपालखात्याचं जुनं जाकीट, चष्मा कपाळावर,
फोन नाकाला टेकवलेला.
मी रस्ता ओलांडेपर्यंत बस आली.
काचेतून त्यानं अंगठा दाखवला.
आमच्यात अंगठा दाखवणं म्हणजे वेगळं.
मी हसले तरी.

मार्चमध्ये कासव यायचं थांबलं.
नाही, चुकीचं सांगतेय. कासव तिथेच होतं.
मी चार दिवस तापानं पडले होते, कुणी हाकललं नव्हतं,
आणि पाचव्या दिवशी पाहते तर
तेच, भुकेलं, हृदय अर्ध्यावर आलेलं.
खाऊ फक्त आपल्या गटाचा चालतो.
लाल माणसाला निळ्या कासवासाठी
काहीच करता येत नाही,
न हाकलण्याखेरीज.

म्हणून मी न हाकलता जाऊ लागले.
फोन बदलला असेल. लेकीकडे गेला असेल.
गुडघा असेल, मार्चात गुडघे फार.
काउंटरवर रोज इतकी नावं येतात
आणि मला त्याचं नावच माहीत नाही,
तेव्हा चिठ्ठ्या वाचून काही उपयोग नव्हता.
तरी वाचल्या.

मग बसथांबा सुचवला.
फोटो नीट काढला, बोट न येऊ देता.
वर्णनात लिहिलं: इथून एक माणूस हौद राखायचा.
आठ दिवसांनी उत्तर: नाकारले.
सामान्य वस्तू. दृश्य वैशिष्ट्य नाही.
बरोबरच होतं. मीही तेच बटण दाबलं असतं.

शुक्रवारी पेपर टाकणाऱ्या रीसनं,
गुडॉलबाईंच्या नातवानं,
सायकलवरून न उतरता
टिचक्या मारमारून कासव उडवलं.
हौद पिवळा झाला.
हरलेला जीव आपोआप धन्याकडे परत जातो,
खेळाचा तसा नियम आहे.
धनी कुठे आहे ते खेळ विचारत नाही,
पाठवून देतो.

मी पॅन्सीतलं एक पाकीट उचलून कचऱ्यात टाकलं.
फोन चार टक्क्यांवर.
हात कपाळापर्यंत गेला खरा,
मग केस मागे सारल्यासारखं केलं,
रीस बघत होता.