इतिवृत्त

हार्कवर्ड, जिल्हा ग्रोनिंगन. बैठक साडेसातला,
शाळेच्या व्यायामशाळेत.
हजर बासष्ट, खुर्च्या चाळीस.
कॉफी मी केली, टिपणंही मीच घेतली;
नगरपालिकेत ही दोन्ही कामं एकाच टेबलाची.

कंपनीचा मुलगा रॉटरडॅमहून आलेला, बूट नवे.
म्हणाला, तीन किलोमीटर खाली रिता झालेला खडक आहे,
वर मिठाचं जाड झाकण.
धुराड्यांतला वायू आम्ही तिथे ठेवू. कायमचा.
"कायमचा" लिहिताना पेन अडलं.

खडक रिता कसा झाला, हे कुणी विचारलं नाही.
आमच्याच पायाखालून उपसला होता वायू, वर्षानुवर्षं,
आणि मग एका हिवाळी पहाटे
कपाटातल्या बशा आपसात बोलू लागल्या.
दुधानं तोंड पोळलेली माणसं ही,
ताक फुंकून पितात.
(इथे ताक खरंच पितात, दुपारच्या पावाबरोबर.)

त्यानं पिशवीतून दगड काढला,
करडा, मुठीएवढा, खालून आणलेला.
"हातात घेऊन बघा."
आल्ट्येनं तो हुंगला.
वीट्स्केनं न बघताच पुढे दिला, गरम भांडं द्यावं तसा.
हिलब्रांडनं, ज्याच्या गोठ्याची भिंत
अजून लाकडी टेकूंवर उभी आहे,
जीभ लावली. "खारट नाही."
हशा झाला.
हशा इतिवृत्तात घेत नाहीत.

मग फेना उठली, त्याची नात, सतरा वर्षांची.
"आपण समुद्राच्या दीड मीटर खाली बसलोय, आजोबा.
पाणी चढतंय. इथे नको, तर कुठे?
दुसऱ्या कुणाच्या गोठ्याखाली?"

टाळी नाही, ओरडाही नाही.
हिलब्रांड बघत राहिला
जमिनीवरच्या बास्केटबॉलच्या रेषांकडे.
मी लिहिलं: संमिश्र प्रतिक्रिया.

नऊ वाजून दहा. दगड परत आला नाही.
मुलानं दोनदा विचारलं, खुर्च्यांखाली वाकून पाहिलं.
आठवड्यानं त्याचं पत्र:
नमुना सापडल्यास कृपया कळवावे.

शनिवारी हिलब्रांडकडे अंडी आणायला गेले.
त्या पहाटेपासून त्याच्या स्वयंपाकघराचं दार
उघडं म्हणून राहत नाही, आपलं आपण लागतं.
आता त्याला दगड लावलाय.

दोघांनीही तिकडे पाहिलं.
डझनात त्यानं एक अंडं जास्त घातलं.

पत्र माझ्या टेबलावर आहे अजून.