एकोणीस सेकंद

आमच्या दुकानाला पत्ता असा कधी नव्हताच.
डिचोलीत उतरा, बाजाराकडे वळा,
ठोक्यांचा आवाज येईल तिकडे चालत राहा,
असं आजोबा सांगायचे.
आता पत्ता आहे. नकाशावर लाल टाचणी.
प्रचितीने टोचली ती, माझ्या भावाच्या मुलीने,
पर्वरीला कुठल्याशा ऑफिसात असते.

फॉर्म भरताना तिने विचारलं, काका, आपण नक्की कोण?
यादीत घंटा ओतणारे नव्हते.
गिफ्ट शॉप होतं, होम डेकोर होतं,
आणि अगदी तळाशी 'इतर'.
चार पिढ्यांचे आम्ही चारी
एका बोटाने इतर झालो.

वेळ? नऊ ते एक, साडेतीन ते सात.
मधे?
मधे बाबा झोपतात.
"असं लिहिलं तर लोक वाईट शेरे देतील."
"मग त्यांनाही झोपायला सांग,"
बाबा आतून म्हणाले.

टाचणी जरा चुकली. नदीपलीकडे
फिलुमेनाच्या परसात पडली.
भाड्याच्या स्कूटरवरची दोघं
थेट तिच्या चुलीपाशी जाऊन
घंटा कुठे आहेत विचारू लागली.
तिने आधी त्यांना अर्धा किलो हरमलच्या मिरच्या विकल्या,
मग वाट दाखवली.
टाचणी हलवतो म्हटलं, तर म्हणाली,
"रावूं दी रे, कोणाक दुखता?"

मग व्हिडिओ.
घंटा झुलते आहे, कांसं सोन्यासारखं दिसतं आहे,
वर कुठल्यातरी सिनेमातलं गाणं.
बाबांनी चष्मा लावून दोनदा पाहिला.
"मुकी केलीस गो तिला."

बाबा घंटा विकतात कशी, ते सांगायला हवं.
एक टोला. मग कोणी बोलायचं नाही.
गिऱ्हाइकाने नाही, आम्ही नाही,
दारातल्या हमालानेही नाही.
नाद पुरता विझेपर्यंत भाव सांगायचा नाही.
मधेच खिशात हात घालणाऱ्याला
त्यांनी परत पाठवलेलं मी पाहिलं आहे.

प्रचितीने गाणं काढलं. मोजलं.
मोठ्या घंटेचा नाद एकोणीस सेकंद.
"लोक अकरा सेकंदांच्या पुढे थांबत नाहीत आजोबा."
"मग ते घंटा घेऊन करणार काय?"

एकोणीस सेकंद तसेच ठेवले.
एकतीस जणांनी पाहिलं,
त्यातले सहा आम्हीच.

आणि एक मणेरीचा, शाळेतला शिपाई, तुळसो गवस.
त्याने फोन केला. मैदानाच्या टोकाला,
आंब्याखाली खेळणाऱ्या पोरांपर्यंत पोचेल का?
बाबांनी फोन घंटेजवळ धरायला लावला
आणि टोला दिला.
आमच्या छातीत घुमला. बरण्या थरथरल्या.
"ऐकलं?"
"नाही हो. नुसतं कोणीतरी श्वास घेतंय."

प्रचितीने नंतर समजावलं.
फोन हुशार असतो, बोलणं तेवढं ठेवतो,
बाकीचा गोंगाट कापून टाकतो.
बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "गोंगाट."

तो शनिवारी आला, दोडामार्गच्या बसने,
दुपारी पाऊण वाजून गेल्यावर, म्हणजे जवळजवळ बंदच.
मी झाप अर्धी ओढलेली.
म्हणाला, झोपू दे म्हाताऱ्यांना,
आणि पायरीवर बसून डबा उघडला.
साडेतीनला बाबांनी सहा घंटा वाजवल्या.
सहाही वेळा तो रस्त्यापलीकडे,
सोडावाल्याच्या दुकानाच्याही पुढे जाऊन
डोळे मिटून उभा राहिला.
पाचवी घेतली.

जाताना प्रचितीने त्याला तारे द्यायला सांगितले, फोनवर.
त्याने कपाळाला आठ्या घातल्या,
पाचशेची नोट आणखी द्यायची आहे की काय.
मग घंटेचा लोलक स्वतःच्या टॉवेलात गुंडाळला,
दोन गाठी मारल्या,
बसमध्ये वाजायला नको,
सोमवारी पोरांनी ऐकायची पहिल्यांदा.

रात्री प्रचितीने दाखवलं, कोणीतरी लिहिलं होतं:
दुपारी बंद. एक तारा.
बाबांनी विचारलं, कुठला?