हॅव, हॅज आणि लागते

सहावीच्या फळ्यावर मी लिहिलं: हॅव.
खाली बारीक अक्षरात: ही, शी, इट आले की हॅज.
डिसेंबर. वेचणीचे दिवस.
पटावर एकवीस, समोर नऊ,
त्यातल्या दोघी धाकट्या भावंडांना मांडीवर घेऊन.

म्हटलं, आपल्या भाषेत हे क्रियापदच नाही.
आपण म्हणतो, माझ्याजवळ शेळी आहे.
म्हणजे शेळी आहे,
आणि ती माझ्याजवळ उभी आहे, एवढंच.
उद्या ती कुणाच्या वावरात शिरली
तर आपलं वाक्य तिच्यामागे चार पावलं जातं.
इंग्रजीत तसं नाही.
आधी माणूस, मग दावं, मग शेळी.
हॅव म्हणजे दावं.

"आन ताप जी?" साहेबराव टेकामने विचारलं.
"मले ताप हाये, तं?"
तिथंही हॅव. आय हॅव अ फीवर.
"तापाले बी दावं!"
वर्ग हसला. मीही.
बहिणीला हॅव, पोटदुखीला हॅव, दोन डोळ्यांना हॅव,
सगळ्यांना एकाच खुंट्याला बांधत गेले,
आणि "जेवलीस का?" याच्याही आधी
हॅव यू लावून दाखवलं.
ते काही त्यांना पटलं नाही.
भाकर पोटात गेली, ताट घासून झालं,
आता कोण काय धरून बसलंय?

मग मी टू आणला.
दोनच अक्षरं, हॅवच्या शेपटीला.
आय हॅव कॉटन. माझ्याकडे कापूस आहे.
आय हॅव टू पिक कॉटन. मला कापूस वेचावा लागतो.
खिडकीशी इंद्रकला बसली होती,
बोंडांनी चिरलेल्या बोटांत पेन्सिल धरून.
दोन्ही वाक्यं ती बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, "पयल्यात कापूस आपला हाये.
दुसऱ्यात आपुन कापसाचे."

मी पुस्तकात पाहिलं.
पुस्तकात होतं: टू नंतर क्रियापदाचे मूळ रूप वापरावे.

तिचं तेवढ्यानं भागलं नाही.
"मॅडम, ह्या 'लागते'ले इंग्रजीत काय म्हनते?"
सांगितलं की आत्ताच. हॅव टू.
"तसं नाही जी. तहान लागते, थे?"
ते वेगळं.
"ठेस लागते?"
वेगळं.
"डोया लागते? लाइट लागते? बोरीले बोरं लागते?"
वेगळं, वेगळं, वेगळं.
आता मागूनही येऊ लागलं:
नंबर लागते, नाद लागते, लाकडाले वाळवी लागते,
चिंच आंबट लागते,
आणि मांडीवरच्या पोराला उचकी लागली
तेही कुणीतरी ओरडून सांगितलं.
फळा भरला. हॅव कोपऱ्यात दबून गेला.
"सोमा माहा मामा लागते," इंद्रकला म्हणाली.
त्याच्यापुढे मी हॅव लिहिलं
आणि हातानंच पुसलं.
मामा काही तिच्या दाव्याला नव्हता.
तो तिला लागत होता,
जसा रस्त्यात दगड लागतो, जशी वाटेत विहीर लागते.
एवढं सगळं माझ्या तोंडात होतं
आणि मी वीस वर्षं त्यांना शिकवत होते
की आपल्याकडे एक शब्द कमी आहे.

सव्वापाचला पाराजवळ पांढरकवड्याची एसटी लागते.
मला एसटी लागते.
म्हणून खिडकीची जागा, आणि पिशवीत नेहमी एक लिंबू.
इंद्रकला पलीकडून येत होती, कमरेला ओटी बांधून,
उजेड आहे तोवर दोन तासं वेचायला.
मला बघून थांबली. मनातल्या मनात जुळवलं काहीतरी.
"मॅडम," म्हणाली, "यू हॅव बस."

चुकलंच होतं.
पण दुरुस्त करायचं, तर आधी मला कळायला हवं
की ती म्हणतेय, गाडी आली,
की म्हणतेय, आत्तापासूनच चेहरा उतरला तुमचा.
विचारणार होते.
कंडक्टरने दोनदा बेल मारली.