मेणबत्ती वाकेपर्यंत

एस्पेरांसाबाय तबकडी घेऊन आली
वर्तमानपत्रात गुंडाळून, सुकी सुंगटं आणावीत तशी.
काउंटरवर ठेवली तर एक कड वर उचललेली,
कुत्र्यानं कान टवकारावा इतकी.
म्हणाली, तुझ्याकडे काचा आहेत ना? दोन दे.

हळदोण्याच्या तिठ्यावर माझं फ्रेमचं दुकान.
देव, लग्नं, पहिली कम्युनियन, आणि गेलेली माणसं.
गेलेल्यांची गिऱ्हाइकी जास्त.
सपाट करणं हा आमचा धंदाच म्हणा:
जमिनींचे नकाशे, दमट पदव्या,
सुरळी झालेला कुणाचा तरी आजा.
आवाज मात्र कधी सपाट केला नव्हता.

नवरा बोटीवर सॅक्सोफोन वाजवायचा.
कुठल्याशा बंदरात चौघांनी पैसे काढून
एकच प्रत कापून घेतलेली. दुसरी नाही.
दोन उन्हाळे खिडकीतल्या पेटीवर राहिली
आणि काचेतून येणाऱ्या उन्हानं आपलं काम केलं.
हे सांगताना ती रडली वगैरे नाही.
भाव विचारला.

आधी बळीचा बकरा हवा.
माळ्यावर 'पोर्तुगीज शिका, भाग तिसरा' सापडला.
दोन काचांत घालून पत्र्यावर ठेवला, दुपारी एकला,
आणि जेवायला गेलो.
परतलो तर सपाट, अगदी आरसा.
तितकाच मुका.
बाई 'बों दीया' म्हणता म्हणता
पाण्याखाली गेली.

रुजार पदेर म्हणाला, ऊन कसलं मोजतोस,
माझी भट्टी बघ.
पहाटेचे उंडे निघाले की दिवसभर निवत असते,
कुठल्या घटकेला किती, ते हात सांगतो.
हाताचं मला पटेना.
कपेलातून जळक्या मेणबत्त्यांचे तुकडे आणले:
वाकली पाहिजे, वितळता कामा नये.
तीन वितळल्या.
चौथी सावकाश मान टाकून बसली,
मिसात डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखी.
रुजार म्हणाला, हां. आत्ता.

तबकडी आधी धुतली.
धूळ राहिली तर तीही गाण्यात दाबली जाते, कायमची.
काचा आधीच आत तापत ठेवल्या होत्या.
अर्धा तास.
मग बाहेर काढून वर मैद्याचं अर्धं पोतं
आणि कुणी हात लावायचा नाही.
ऊब असताना उघडलं की तिला जुनी सवय आठवते.

रविवार होता, संध्याकाळचा घाणा नव्हता.
बाकावर तिघं बसलो.
एस्पेरांसाबाय इसवणाच्या भावाबद्दल बोलली,
पंचायतीच्या गटाराबद्दल,
सुनेनं विकलेल्या कपाटाबद्दल.
त्याच्याबद्दल नाही.

रात्री तिच्या सालात लावली.
सुई अजून डुलत होती,
पण आता धक्क्याला बांधलेल्या होडीइतकीच.
खरखर, कुणीतरी खोकलं,
मग सॅक्सोफोन.
खरं सांगायचं तर बरा वाजवत नव्हता.
वरच्या सुराला हात पोचायचा नाही,
आणि पोचला नाही हे लपवायला
पुढचे दोन सूर घाईनं.
रुजार छताकडे बघू लागला. मी बुटांकडे.

एस्पेरांसाबाय मांडीवर थाप मारून हसली.
तीस वर्षं सांगत होते त्याला!
तीस वर्षं!
म्हणायचा, तुला कान नाहीत.
परत लाव.

पैसे मी घेतले. अर्धे रुजारला दिले.
काचा धुऊन पुसून गठ्ठ्यात लावल्या,
धंदा तो धंदा.

आठवड्यानं शाळेच्या जुन्या हेडमास्तरांचा फोटो आला,
तेराव्याच्या आत हवा होता.
वरचीच काच कापली, बसवली,
उजेडात धरली तेव्हा दिसलं:
डोक्याभोवती एक बारीक गोल रेघ,
तबकडीच्या कडेची.
फडक्याला दाद देईना.

मुलगा फोटो घ्यायला आला. बराच वेळ बघत राहिला.
मी म्हणालो, काच बदलून देतो.
म्हणाला, नको. असू दे.
मग जरा थांबून,
शोभत नाही तसं त्यांना.
पण असू दे.