बाचीच्या अलीकडं

कागदावर दोन भाषा होत्या,
वर ठळक कानडी, खाली बारीक इंग्रजी.
मराठीत फक्त माझी सही.
सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटर,
जे आधी संपेल ते.
मुगळीहाळ शेठनं बोटानं ओळ दाबत वाचून दाखवलं:
"इंजिन, गिअरबॉक्स नम्दु. टायर, बॅटरी निम्दु."
पाचवं कलम मात्र घाईत.
बाहेरच्या कुणी खोललं तर नाही,
राज्याबाहेर बंद पडली तर नाही.
मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या आठवड्यात तिसरा गिअर सुटायला लागला.
टाकला की बसतो, आणि क्लच सोडला की
बळंच जेवायला बसवलेल्या पाहुण्यासारखा
अर्ध्या ताटावरनं उठतो.
फोर्ट रोडला चार खेपा झाल्या.
"सेट आगतैती, सर. नाळे बर्री."
एकदा ऑइल बदललं. एकदा म्हणाले, रस्ता खराब.
एकदा म्हणाले, तुमचा हात जड आहे.

माझा हात!
एकवीस वर्षं उद्यमबागेतल्या फौंड्र्यांना
लाकडी पॅटर्न करून देतोय मी.
गिअरबॉक्सचं घर सागवानात कोरतो,
शंभराला एक माप जास्तीचं धरून,
कारण बीड थंड होताना किती अंग चोरतं
ते मला ठाऊक असतं.
डोळे मिटून सांगतो, तिसऱ्याची रिंग झिजली आहे.
पण नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका आहे, शेठचा.
तो मोडला की वॉरंटी मोडली.
रात्री बॅटरी घेऊन गाडीखाली शिरतो
आणि नुसता बघून बाहेर येतो.

साखरपुडा चंदगडला होता.
मांड्यांची टोपली अर्धी मागच्या सीटवर,
अर्धी कालिंदीच्या मांडीवर.
हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची,
दुसऱ्यावरच ओढत आणली.
शिनोळीत दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलली
आणि दांडा एकदम मोकळा झाला,
ताकातल्या रवीसारखा हवा तिकडं फिरायला लागला.

फोनवर शेठ पहिल्यांदाच मराठीत बोलला.
"कुठं आहे गाडी?"
मी खरं सांगणार, तेवढ्यात
कालिंदीनं मागनं दंडाला चिमटा काढला.
"बाचीजवळ."
"अलीकडं का पलीकडं?"
"अलीकडं की."
"मग फोटो पाठवा. मागं पाटी दिसू दे."

उसाच्या ट्रॅक्टरवरचा भिमाप्पा उतरला,
कॉलेजची दोन पोरं आली, एक रिक्षावाला.
"कुठं ढकलायची?"
"मागं. कर्नाटकात."
रिक्षावाला पोट धरून हसला,
"अहो, लोक इकडं यायला एवढी वर्षं भांडत बसलेत!"

बाबा दर एक नोव्हेंबरला
काळी फीत बांधून फेरीत चालायचे,
गुडघे गेले तरी.
ती फीत अजून माझ्या रंध्याच्या पेटीत आहे.
आणि मी बॉनेटला छाती लावून
गाडी उलटी ढकलत होतो,
त्यांच्या रेषेवरनं, चुकीच्या दिशेनं,
एका रिंगेसाठी.
बाबांना काही म्हणावं तर दम उरला नव्हता.
भिमाप्पा कानडीत ताल धरत होता,
पोरं मराठीत शिव्या घालत होती,
गाडी दोन्ही ऐकून हलत होती.
साडेतीनशे पावलं. मोजायची सवय आहे.

पाटीखाली थांबलो. कालिंदीनं टोपली सोडली.
सात मांडे गेले, घडीसकट.
भिमाप्पा मिशीतली साखर पुसत म्हणाला,
"भाळ छलो ऐत्री."
उरलेले घेऊन ती
त्याच रिक्षातनं पुढं गेली, चंदगडला.

फोटो बरा आलाय. पाटी स्पष्ट आहे.
शेठनं बघितला, उत्तर नाही अजून.
मी गाडीतच बसलोय,
न्यूट्रलमध्ये,
हँडब्रेक ओढून.